पिसाची गोचीड आणि फुगलेली गोचीड वेगळ्या

'गोचिडीच्या पोटात डायनोसॉरचं रक्त मिळालं' असं जे म्हटलं जातं, त्यात दोन जीवाश्मांची सरमिसळ झाली आहे. म्यानमारच्या ९.९ कोटी वर्षं जुन्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या घट्ट झालेल्या राळेत, डायनोसॉरच्या पिसाला चिकटलेली आहे ती कॉर्नुपाल्पाटम बर्मानिकम. तिच्या पोटात रक्त नाही. रक्त पिऊन टम्म फुगलेली, नेहमीच्या साडेआठपट, ती डायनोक्रोटॉन ड्रॅक्युली. ती राळेत पूर्ण बुडालीच नव्हती, उघड्या बाजूने खनिजं आत झिरपली, त्यामुळे रक्त कोणाचं हे तपासता आलं नाही. डीएनए तर इतक्या जुन्या अंबरमध्ये टिकतच नाही.

यजमानाचा, म्हणजे ती ज्याचं रक्त पीत असे त्या प्राण्याचा, माग लागतो तो केसांवरून. डायनोक्रोटॉनच्या दोन नमुन्यांना डर्मेस्टिड भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे भाल्याच्या टोकाचे केस चिकटलेत. या अळ्या आजही घरट्यांतली गळालेली पिसं, कातडी खातात. म्हणजे ही गोचीड घरट्यात राहत असावी, बहुधा पिसं असलेल्या डायनोसॉरच्या. पुरावा अप्रत्यक्ष, पण मला पटतो. २०१७ मध्ये तिच्यासाठी वेगळं कुळच केलं गेलं. जिवंत गोचिडींत तिला सर्वांत जवळची आफ्रिकेतली नटालिएला नामाक्वा, नटालिएलाच्या स्वतःच्या वेगळ्या कुळातली आज उरलेली एकमेव जात. कठीण पाठीच्या आणि मऊ पाठीच्या, दोन्ही प्रकारच्या गोचिडींची लक्षणं नटालिएलात थोडीथोडी दिसतात.