रॅम्पवर झोपणाऱ्या ट्रकवाल्यांना टो करा म्हणणाऱ्या साहेबांसाठी

अठराचाकी:
काल इथे एकाने लिहिलं की आय-९५ हायवेच्या रॅम्पवर (आत-बाहेर जायच्या जोडरस्त्यावर) ट्रक लावून झोपणारे बेजबाबदार आहेत, सरळ टो करा, दोनदा दंड बसला की जागा आपोआप सापडते. वा! नऊ वर्षं अमेरिकेत ट्रक चालवतोय, आपोआप सापडलेली जागा अजून बघायचीय. मागच्या महिन्यातलं सांगतो. सकाळी ६ ला ड्युटीचं घड्याळ सुरू, न्यू जर्सीत वेअरहाऊसची अपॉइंटमेंट १० ची, ट्रेलर रिकामा झाला संध्याकाळी सव्वासहाला. नियमाने मिळणाऱ्या ड्रायव्हिंगच्या ११ तासांपैकी सात शिल्लक, पण ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांनंतर चालवता येत नाही, ती खिडकी रात्री ८ ला बंद. गार्डला म्हटलं रात्रभर कोपऱ्यात उभा राहतो, तर म्हणे गेटबाहेर काढ. पहिला ट्रक स्टॉप फुल, दुसरा फुल, रेस्ट एरियात आत जायच्या रस्त्यावरच रांग. ८ ला ११ मिनिटं कमी असताना रॅम्प दिसला, लावला. रात्री २ ला पोलिसाने दार वाजवलं, हलव. म्हटलं हलवलं तर सक्तीची दहा तासांची विश्रांती मोडते, लॉगवर (तासांच्या नोंदीत) व्हायोलेशन, नाही हलवलं तर तुमचं तिकीट. म्हणे तो माझा प्रश्न नाही. हलवला. आता सांगा, बेजबाबदार कोण?

रोजचा_आय९५:
ती पोस्ट माझीच, आणि एक शब्द मागे घेत नाही. २०२३ च्या जुलैत इलिनॉयमध्ये आय-७० वर रेस्ट एरियाच्या रॅम्पला उभ्या असलेल्या तीन ट्रकवर बस आदळली, तीन प्रवासी गेले. त्यांनाही तुमच्या १४ तासांची गोष्ट सांगणार का? मी रोज पहाटे त्याच रॅम्पवरून मर्ज होतो, लाईट बंद करून ट्रेलर उभे, फ्लॅशर नाही, मागे इशाऱ्याचे ट्रँगल नाहीत. तुमची झोप होते, जीव माझा टांगणीला. आणि त्या बाटल्या! गवतात फेकलेल्या लघवीच्या पिवळ्या बाटल्यांबद्दल कुणी बोलणार आहे का?

डिस्पॅचमधला:
बाटल्या राहू द्या. अठराचाकी भाऊ, सहानुभूती आहे, पण स्प्लिट, म्हणजे विश्रांती दोन तुकड्यांत, का नाही घेतलं? डॉकवर आठ तास होतात ना, सात तास स्लीपरमध्ये (केबिनमागच्या बर्थवर) काढले असते आणि पुढे तीन जोडले असते तर १४ चं घड्याळ थांबलं असतं. शिवाय रिकामं झाल्यावर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत पीसीवर (पर्सनल कन्व्हेयन्स, ड्युटीत न धरलेला खाजगी प्रवास) जाता येतं, २०१८ पासून स्पष्ट गाईडन्स आहे. आणि काहीच नाही तर जागा रिझर्व्ह करा. सगळं असून रडायचं.

अठराचाकी:
स्प्लिट! दर वीस मिनिटांनी ट्रक पुढे घे म्हणून फोन येतो, त्यात सलग सात तास स्लीपर कुठून आणू? आणि पीसीचं बटण आमच्या कंपनीने बंदच करून ठेवलंय, विचारलं तर सेफ्टी पॉलिसी.

घरून_लोकेशन_बघणारी:
रिझर्व्हवरून बोलते, कारण आमच्या घरात रोज भांडण ह्यावरच. नवरा रीफर (थंड मालाचा ट्रक) चालवतो, पगार मैलावर. रिझर्व्हेशनचे पंधरा-वीस डॉलर कंपनी देत नाही, महिन्याचा हिशोब स्वतः करा. वर दर वर्षी फुकटच्या जागांवर पिवळे रिझर्व्हचे बोर्ड वाढतायत. आधी जागा कमी, त्यातल्याही विकायच्या, आणि मग ट्रक पाठवणारे डिस्पॅचवाले म्हणणार रिझर्व्ह करा!

डिस्पॅचमधला:
ताई, ट्रक स्टॉप धर्मशाळा नाही. डांबर, लाईट, साफसफाई कोण करणार?

घरून_लोकेशन_बघणारी:
डिझेल आम्ही तिथेच भरतो ना दादा? शेकडो डॉलरचं? धर्मशाळा म्हणे. तुम्ही रात्री कुठे झोपता?

डिस्पॅचमधला:
पर्सनल जायची गरज नाही.

कागदी_लॉग:
डिसेंबर २०१७ ला ईएलडी, म्हणजे तास आपोआप नोंदवणारं यंत्र, आलं आणि सगळा सत्यानाश झाला. आधी वीस मिनिटं जास्त लागली तर कागदी लॉगवर पेन्सिल होती, पुढच्या गावात जागा मिळायची, कुणाला त्रास नाही.

अठराचाकी:
पेन्सिल वीस मिनिटांवर थांबायची का काका? मी शिकत होतो तेव्हा ट्रेनर सोळा तास चालवून लॉगमध्ये दहा लिहायचा. एकदा डोळा लागला तो रंबल स्ट्रिपच्या (रस्त्याच्या कडेच्या खाचांच्या) आवाजाने उघडला. घड्याळ हवंच. पण दहा तास झोप म्हणायचं आणि झोपायला जागा द्यायची नाही, ह्याला काय म्हणायचं? कॅलिफोर्नियाच्या रेस्ट एरियात २४ तासांत आठच तास थांबता येतं. आठ! विश्रांती सक्तीची दहा.

कागदी_लॉग:
तुझा ट्रेनर गाढव होता, त्यात पेन्सिलचा काय दोष.

रोजचा_आय९५:
हे आठ-दहाचं माहीत नव्हतं. मूर्खपणा आहे. बरं, टो नका करू, महाराज झोपा. पण ट्रँगल लावायला कुठला कायदा आडवा येतो?

घरून_लोकेशन_बघणारी:
कायद्याचंच बोलायचं तर जेसन रिव्हनबर्ग आठवा. २००९, साऊथ कॅरोलिना. डिलिव्हरीला लवकर पोचला, थांबायला जागा नाही म्हणून बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक लावला आणि सात डॉलरसाठी त्याला गोळी घातली. बायको तेव्हा जुळ्यांची गरोदर. २०१२ ला त्याच्या नावाने कायदा झाला. त्या कायद्याखालच्या २०१९ च्या सर्व्हेत ९८ टक्के ड्रायव्हर म्हणाले सुरक्षित जागा मिळायला अडचण येते. म्हणून मी रात्री लोकेशन बघत बसते. रॅम्पवर दिसला की राग येतो, पण अंधाऱ्या पंपावर दिसण्यापेक्षा बरं.

डिस्पॅचमधला:
हे वाईटच आहे. तरी रिझर्व्हेशनचा मुद्दा वेगळा.

घरून_लोकेशन_बघणारी:
आलेच परत.

अठराचाकी:
ट्रँगलचं मान्य. त्या रात्री मीही लावले नव्हते, लावले की पोलिसाला लांबून दिसतं. बाकी उत्तर उद्या. ३० मिनिटांच्या ब्रेकमध्ये टाईप करतोय, साडेचार झालेत, दोन तास चालवायचे बाकी आहेत पण पुढच्याच ट्रक स्टॉपला वळतो, सहानंतर तिथे मुंगीलाही जागा नसते. त्या दोन तासांचे मैल गेले. आय-९५ साहेब, उद्या पहाटे निवांत मर्ज व्हा.