सारंगखेड्याचे घोडे आणि रॉ

'फोनच्या एवढ्याशा सेन्सरवर रॉ काढून काय मिळणार?' असं एकाने विचारलंय. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली, फोनने हात न लावलेली कच्ची फोटो-फाइल. भाऊ, दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत या एकदा. तापीकाठी संध्याकाळी घोडे उधळतात, धूळ सोन्यासारखी चमकते. माझ्या फोनच्या जेपेगमध्ये (नेहमीच्या तयार फोटोत) आयाळीचे केस मेणात बुडवल्यासारखे आले होते. त्याच क्षणाच्या डीएनजीत (फोनच्या रॉ फाइलीत) केस न् केस सुटा होता. फोन आपल्या मनाने गुळगुळीत करतो, ते रॉमध्ये टळतं. शिवाय जेपेगच्या ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १० बिट रॉमध्ये १०२४. सावलीतला काळा घोडा उजळवताना हा फरक कळतो.

एक पथ्य मात्र पाळा. आकाश पांढरंफटक झालं तर ते रॉमधूनही परत येत नाही, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा प्रकाश, थोडं कमीच ठेवा. मी पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) आणि सावल्या लाइटरूम या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये बघतो. स्नॅपसीड ॲपही डीएनजी उघडतं.

रात्री तमाशाच्या फडात मात्र सरळ जेपेग. तिथे फोन बऱ्याच फ्रेम एकत्र करून अंधारात फोटोवर येणारे दाणे (नॉइज) घालवतो, एकट्या रॉ फ्रेमला ते जमत नाही. आणि मेमरी रिकामी करून जा, १२ मेगापिक्सेलची एक डीएनजी २४ एमबीपर्यंत जाते.