विषय: समेटाची प्रार्थना, मराठीत

नमस्कार मंडळी,
१८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात आमच्या चर्चमध्ये काळ्या-गोऱ्यांच्या समेटासाठी एक संध्याकाळ ठेवली आहे. प्रत्येक भाषेला पाच मिनिटं. मराठी आम्ही मोजकीच घरं. कुणाकडे तयार प्रार्थना आहे का? बेळगावकरांनो, बघा की जरा.
— खानापूरची लेक, मिनेसोटा

---

ताई,
मी सध्या बेळगावात, घरीच आहे. तयार प्रार्थना घेऊ नकोस. 'प्रभू, जगातला द्वेष मिटव' म्हटलं की सगळेच आमेन म्हणतात, कारण कुणालाच काही लागत नाही.

२०२३ च्या सप्ताहाचं साहित्य तुमच्याच राज्यातल्या गटानं तयार केलं होतं. जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसानं तिथंच, २०२० च्या मे महिन्यात मारलं. त्यांनी वचन निवडलं यशया १:१७ मधलं: बरं करायला शिका, न्याय शोधा. क्रम लक्षात घे.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट तर आपल्यालाच सांगितल्यासारखी आहे. १८५७ मध्ये केपच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडनं, म्हणजे धर्मसभेनं, मान्य केलं, की सर्वांनी एकत्र उपासना करावी हेच शास्त्राला धरून आहे. पण गोऱ्यांपैकी 'काहींच्या दुर्बलतेमुळे' वेगळ्या इमारतीत उपासना करायला मुभा दिली. नुसती सवलत! १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांची मंडळीच निराळी झाली. पुढं वर्णभेदाच्या समर्थकांना आयतं उदाहरण मिळालं. त्याच बाजूला सारलेल्या मंडळीनं १९८२ मध्ये वर्णभेद नाकारणारा बेलहारचा कबुलीनामा मांडला आणि १९८६ मध्ये स्वीकारला.

आता आपलं. लंडन मिशनरी सोसायटी बेळगावात आली १८२० मध्ये. आज गावात मराठी, कन्नड, कोकणी, इंग्रजी अशा उपासना होतात. त्यात मला काही वावगं वाटत नाही. ज्या भाषेत आई रागावली त्याच भाषेत माणूस देवाशी बोलणार. १ नोव्हेंबरला कोण कर्नाटक राज्योत्सवात, कोण सीमाप्रश्नावरच्या काळ्या दिनाच्या फेरीत, हेही चालायचंच. पण सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न बाप्तिस्म्यानंतरही टिकलाय. तिथं भाषा एक असूनही घरं जुळत नाहीत. आपल्या 'काहींची दुर्बलता' ती हीच.

म्हणून एवढंच म्हण: 'प्रभू, तुझ्या मेजावर आम्ही एकाच भाकरीचे झालो आणि घरी जाऊन जात विचारली. इथं काळ्या शेजाऱ्याला पाहून दार लावून घेतलं. आम्हाला क्षमा कर, आणि ज्यांचं आम्ही बिघडवलं त्यांच्या दारी पाठव.'
— कॅम्पातला दादा

---

दादा,
मुद्दा पटला, पण अमेरिकेत जाऊन घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची? तिथल्या गोऱ्यांना बरंच होईल, 'तुमच्यातही आहेच की!' म्हणायला.
— निपाणीकर

---

निपाणीकर काका,
म्हणतील कदाचित. पण दुसऱ्यांच्या पापाची कबुली आपण द्यायची, हे तरी कसं शोभेल? मत्तय ५ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. भाऊ कोणत्या गावात राहतो त्याची अट नाही.

दादांचं सगळं घेतेय. फक्त शेवटचं वाक्य कन्नडमधूनही हवंय, आमच्याबरोबर हुबळीचं एक कुटुंब उभं राहणार आहे. देवनागरीत लिहून पाठवलंत तरी चालेल. शुक्रवारपर्यंत कळवा, छापायला द्यायचंय.
— खानापूरची लेक