स्ट्राँग जंप शिफ्ट म्हणे आजोबांचं धोतर!

इस्पिकराव:
परवा या ब्रिजच्या फोरमवर एका महाशयांनी लिहिलं, "पार्टनरच्या एक बदाम बोलीवर दोन इस्पिकची स्ट्राँग उडी (एक इस्पिक पुरत असताना एक पायरी वर बोलून ताकद दाखवणं, म्हणजेच जंप शिफ्ट) म्हणजे आजोबांचं धोतर. घडी घालून माळ्यावर टाका. उडी मारायची ती कमकुवत पानांवर." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

मंगळवारी डेक्कनला टीमची मॅच, आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे). पार्टनरने एक बदाम उघडलं. माझ्याकडे इस्पिकचे एक्का-राजा-राणी-दश्शी आणि दोन फुटकळ, बदामचा राजा धरून तीन, चौकटचा एक्का धरून दोन, किलवर दोन, भिकार. मी दोन इस्पिक. एका दमात सांगून मोकळा: गेम (बोनस मिळवून देणारी बोली) नक्की, स्लॅमकडे (बारा-तेरा हातांच्या बोलीकडे) बघ. तो दोन नोट्रम्प, मी तीन इस्पिक, त्याने चार किलवरचा क्यू दिला, म्हणजे किलवरवर पकड दाखवली. एक्के विचारणाऱ्या ब्लॅकवुडला उत्तर पाच बदाम, म्हणजे दोन एक्के. सहा इस्पिक, तेरा हात, १४६०. दुसऱ्या टेबलवर याच पानांवर एक बदाम, एक इस्पिक, एक नोट्रम्प, चार इस्पिक, सगळे पास. ७१०. तेरा इम्प (टीमच्या मॅचमधले गुण) आमच्या खिशात.

आणि वयाचं म्हणाल तर २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ब्रिजचं सुवर्ण आणलं तेव्हा प्रणब बर्धन साठ वर्षांचे होते.

मुरलेला गुलाम:
ते महाशय मीच. बर्धनांचं वय आणि तुमची उडी यांचा संबंध कळला नाही, असो. दुसऱ्या टेबलवर चुकलं ते चार इस्पिक, सिस्टिम नव्हे. एक नोट्रम्पवर दोन चौकट चेकबॅक (ओपनरला पानांची आणखी माहिती विचारणारी बोली) टाकला की गेम फोर्स झाला, म्हणजे गेमआधी कोणी पास करणार नाही, मग खालच्या खाली हव्या तेवढ्या गप्पा मारा. तुम्ही उडी मारून अख्खा मजला खाल्लात. असली पानं सहा महिन्यांतून एकदा येणार. जेमतेम सहा पॉइंटवाली, कमकुवत, सहा इस्पिकं मला दर बैठकीला येतात.

आणि तेरा हात झाले ना? मग सात का नाही बोललात? एवढी स्ट्राँग उडी मारून? इस्पिकचा गुलाम पडण्याची शक्यता जवळपास ७३ टक्के.

इस्पिकराव:
पार्टनरची बदामची राणी-गुलाम मला कुठून दिसणार? काचेची पानं होती का?

निवृत्त हिशेबनीस:
उड्या राहू द्या. त्या दुसऱ्या टेबलवर पूर्वेला मी होतो. चार इस्पिकवर ओपनरने अर्धा मिनिट पंख्याकडे पाहिलं आणि मग पास. निदान पास तरी केला! दिवाळीच्या टुर्नामेंटमध्ये आमच्यासमोर एकाने बिडिंग बॉक्समधून कार्ड अर्धं काढलं, परत ठेवलं, उसासा टाकला, तीन बदाम. समोरच्या बाई थेट सहा बदाम. डायरेक्टरला (पंचाला) बोलावलं तर साबुदाणावडा खात खात म्हणतो, "काका, मैत्रीची मॅच आहे." पार्टनरच्या हावभावांतून कळलेलं वापरायचं नाही, हा नियम १६ कोणी वाचतं का? आपल्याकडे विचार करून दिलेला पास हाच सगळ्यात स्ट्राँग रिस्पॉन्स.

चव्वी:
त्या "बाई" म्हणजे मी. माझ्याकडे १९ पॉइंट होते, किलवर एकही नव्हतं. पार्टनर घोरत असता तरी मी सहा बदामच बोलले असते. आणि हिशेबनीस, तुम्ही एक्का असला की पान टेबलावर आपटता, नसला की हळूच ठेवता. ते कुठल्या नियमात बसतं?

निवृत्त हिशेबनीस:
मला संधिवात आहे.

चव्वी:
फक्त एक्क्याला?

निवृत्त हिशेबनीस:
वयाचा मान राखून बोला जरा.

मुरलेला गुलाम:
मूळ मुद्दा मेला वाटतं. टीमच्या मॅचमध्ये व्हल्नरेबल स्लॅम फिफ्टी-फिफ्टी असला तरी बोलावा. झाला तर तेरा इम्प आले, बुडाला तर तेरा गेले. तिथवर कसे पोचता याला महत्त्व कमी, हे मान्य. ज्यांना चेकबॅक पाठ होत नाही त्यांनी खुशाल धोतर नेसावं. इस्पिकराव, तुम्हाला शोभतंही.

इस्पिकराव:
एवढं मान्य केलंत, आनंद. गुरुवारी माझा पार्टनर नाशिकला चाललाय. येताय का? पण दोन इस्पिक स्ट्राँगच खेळायचं, आधीच सांगतो.

मुरलेला गुलाम:
येतो. धोतर नेसून येऊ की साधाच?

चव्वी:
आणि पंख्याकडे कोणी बघायचं नाही.