सिगारेटवरचा वाढीव कर शाळांना मिळावा का?

नायगावकर

1 फेब्रुवारी 2026 पासून सिगारेटवर 40 टक्के जीएसटी लागू झाला, शिवाय लांबीप्रमाणे हजार सिगारेटींमागे 2,050 ते 8,500 रुपये उत्पादन शुल्क. माझं म्हणणं, इथे थांबू नये. कर दरवर्षी वाढवावा आणि वाढीव पैसा शाळांना द्यावा.

मी एका अनुदानित मराठी शाळेच्या पालक-शिक्षक संघात काम करतो. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, असं 2003 चा कायदा सांगतो. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे. आमच्या फाटकासमोरच्या टपरीवर मात्र पाकीट कायम फोडलेलं असतं आणि दोरीला लायटर लटकत असतो. आठवी-नववीची पोरं एक सिगारेट दोघांत घेतात, मग वास जावा म्हणून बडीशेपेची पुडी. तक्रार केली की टपरी दोन दिवस हलते, तिसऱ्या दिवशी हजर. कायद्याला ती पोरं भीत नाहीत, पण खिशातले पैसे पुरले नाहीत तर गुपचूप माघारी फिरतात. किंमत दहा टक्क्यांनी वाढली की आपल्यासारख्या देशांत खप साधारण पाच टक्क्यांनी घटतो, असं जगभरचे अभ्यास सांगतात. मुलांमध्ये तर जास्तच घटतो. किरकोळ किमतीत कराचा वाटा निदान 75 टक्के असावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

शाळांनाच का? कारण आमच्या शाळेचं वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही. खडू, वीजबिल, प्रयोगशाळेतली रसायनं यांसाठी मुख्याध्यापिका माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरतात. ज्या वयात व्यसन लागतं, त्याच वयाच्या मुलांवर हा पैसा खर्च व्हावा.

हिशेबनीस, दादर

कर वाढवा, माझा पूर्ण पाठिंबा. त्यावर ‘शिक्षणासाठी’ अशी चिठ्ठी लावायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

शिक्षणाच्या नावाने आपण 2004 पासून उपकर भरतोय. आधी कराच्या रकमेवर 2 टक्के, 2007 पासून माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी 1 टक्का, 2018 पासून आरोग्य धरून 4 टक्के. त्या 1 टक्क्यासाठी वेगळा निधी उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती ऑगस्ट 2017 मध्ये! तोवर दहा वर्षं पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जात होता. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने त्यावर बोट ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. उपकराचा पैसा केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. उत्पादन शुल्क मात्र विभाज्य निधीत, म्हणजे राज्यांबरोबर वाटायच्या पैशात जातं आणि त्यातले 41 टक्के राज्यांना मिळतात. तुमच्या शाळेचं अनुदान देणार राज्य. म्हणजे तुम्ही शिक्षण उपकर मागितलात तर त्याच राज्याचा हक्काचा वाटा जाईल. आणि राज्याने स्वतः सिगारेटवर कर लावावा म्हणाल, तर जीएसटी आल्यावर ते दार बंद झालं. दारू जीएसटीबाहेर आहे, म्हणून जून 2025 मध्ये महाराष्ट्राने तिच्यावरचा कर वाढवला. तंबाखूवर तसं करता येत नाही.

बोरिवलीकर

मी सिगारेट ओढतो आणि मला हे सगळं अन्यायाचं वाटतं. कंपनीत बारा तासांची पाळी करणारा माणूस दोन सिगारेटी ओढतो, तर शाळा त्याच्या खिशातून चालवायच्या? शिक्षण ही सगळ्या समाजाची जबाबदारी आहे. कर वाढला की त्याची झळ साहेबाला लागत नाही, वॉचमनला लागते. शिवाय स्टेशनबाहेर बघा, लवंगेच्या वासाची परदेशी पाकिटं मिळतात. 85 टक्के जागेवर छापायचा चित्रासहित इशारा त्यांच्यावर नसतो, कारण माल चोरट्या मार्गाने आलेला असतो. कर वाढवाल तेवढा हा धंदा वाढेल आणि शाळेला त्यातून छदाम मिळणार नाही.

नायगावकर

बोरिवलीकर, चोरटा माल बंदरावर आणि गोदामात पकडायचा असतो. तो येतो म्हणून कर कमी ठेवायचा हे मला पटत नाही. वॉचमनचं म्हणाल, तर आजारपणात कर्जात बुडतो तोही वॉचमनच.

हिशेबनीस, राखीव कर वाया जातोच असं नाही. मुंबईतलं मालमत्ता कराचं बिल काढून बघा: जलकर, मलनिःसारण कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथकर. आपल्या राज्याला ही पद्धत जुनी आहे. रोजगार हमीसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची असं ठरलं. म्हणून तंगीच्या वर्षांतही ती योजना टिकली. सिगारेटच्या शुल्कातून राज्याला येणाऱ्या वाट्याबद्दल असाच कायदा विधिमंडळाला करता येईल.

शिवडीची सविता

तुम्ही सगळे सिगारेटवरच अडलात. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. आमच्या चाळीत सिगारेट ओढणारे दोन-चार पुरुष असतील, पण मिश्री घराघरात आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची, सकाळी उठल्या उठल्या दातांना लावायची. भाजताना सगळ्या मजल्यावर उग्र वास पसरतो. मुली आईच्या डबीतूनच सुरुवात करतात, ‘दात दुखतो’ म्हणून. तंबाखूची पुडी दहा-पंधरा रुपयांत मिळते. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे. तो विकला जातो, पण चोरून, त्यामुळे त्यातून कर शून्य.

शाळेसाठी पैसा हवा आणि मुलं वाचवायची, तर पुडीवरचा कर आधी वाढवा. हे बायकांचं व्यसन आहे म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही.

रुग्णसेवक, परळ

टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर राहणारी कुटुंबं बघितली की या पैशावर पहिला हक्क कुणाचा, याबद्दल मला शंका उरत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण बिहारहून, विदर्भातून येतो, नातेवाईक धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत रस्त्यावर झोपतात. तंबाखूचा पैसा आधी उपचाराला आणि व्यसन सोडवण्याला द्या. शाळेसाठी इतर कर आहेत.

सोलापूरची लेक, सध्या सायन

तंबाखूवरच्या करातून शिक्षण, हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेलाय आणि मी त्यातूनच शिकले.

माझी आई सोलापुरात विड्या वळायची. घरी बसून पानं कापायची, रात्री उशिरापर्यंत विड्या वळायच्या, सकाळी सूप घेऊन कारखान्यात द्यायला जायचं. तिथे खराब म्हणून जेवढ्या बाजूला काढतील तेवढ्यांचे पैसे बुडाले. 1976 च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर होता. त्या निधीतून विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची. माझी वह्या-पुस्तकं, बारावीची फी त्यातून गेली. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती आमच्या नावावर होती, कुणाकडे मागावी लागत नव्हती.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. आता शिष्यवृत्तीला हक्काचा झरा नाही, अर्थसंकल्पात जेवढं ठरेल तेवढं.

आणि आता विडीवरचा जीएसटी 28 वरून 18 वर आणलाय. सिगारेट महाग झाली की माणूस विडीवर उतरणार. कामगारांच्या भल्यासाठी विडी स्वस्त ठेवतो म्हणतात. माझ्या आईची मजुरी विडी स्वस्त राहिल्याने वाढली नाही. तिच्या छातीत तंबाखूची धूळ मात्र बसली. विडीवर कर लावा आणि तो पैसा वळणाऱ्या बायकांच्या मुलांना द्या, दुसरं काम शिकायला द्या. सगळ्या शाळांत वाटून टाकलात तर आमच्या वाट्याला काहीच दिसणार नाही.

हिशेबनीस, दादर

ताई, तुमच्या उदाहरणात पैसा आणि माणसं ठरलेली होती, म्हणून ते चाललं. नायगावकरांच्या योजनेत मला हेच खटकतं. कॅलिफोर्नियात 1998 मध्ये लोकांनी मतदान करून पाकिटामागे 50 सेंट कर लावला आणि तो पाच वर्षांखालच्या मुलांच्या संगोपन-शिक्षणाला दिला. लोक सिगारेट सोडत गेले तसा तो निधी आटत गेला, मुलांच्या गरजा मात्र होत्या तिथेच. शिक्षकाचा पगार दरमहा द्यावा लागतो. घटत जाणं हेच ज्याचं यश, त्या उत्पन्नावर तो टांगू नका.

नायगावकर

पगार टांगायला मी सांगतच नाही. वाचनालय, प्रयोगशाळा, समुपदेशक, खेळाचं साहित्य, हे त्यातून होऊ द्या. निधी वीस वर्षांनी आटला तर वीस वर्षांत एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडलेली असेल. आपल्या खासदारांना द्यायच्या निवेदनात मी तीन मागण्या लिहिल्या आहेत: महागाईप्रमाणे दरवर्षी करवाढ, ती उपकर न लावता उत्पादन शुल्कातून, आणि विडी व तंबाखूच्या पुडीलाही तोच नियम. राज्याच्या वाट्यातून शाळांना राखीव रक्कम द्यावी, हे आमदारांसाठी वेगळ्या कागदावर लिहिलंय. सह्या रविवारी सकाळी दादरला घेतोय.

हिशेबनीस, दादर

पहिल्या कागदावर सही करतो. दुसऱ्यावर नाही.

सोलापूरची लेक, सध्या सायन

विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती दुसऱ्या कागदात घातलीत तर मी येते, आणि आईलाही आणते.