मदत हवी आहे: चौरसाच्या मध्यावर क्षेत्र शून्य काहून येत नाही?

बारावी_दारव्हा: चार कोपऱ्यांवर चार प्रभार, प्रत्येकी २ मायक्रोकूलॉम. मध्यावरचं विद्युत क्षेत्र काढायचं. सममितीनं शून्य पाहिजे, पण उत्तरात भलताच आकडा आहे. पोळ्यामुळं क्लास बंद, उद्या टेस्ट. लवकर सांगा.

पऱ्हाटी: बाजू किती? सगळे धन आहेत काय?

बारावी_दारव्हा: १० सेंमी. दोन धन, दोन ऋण. आकृतीत दिसतेच ना.

पऱ्हाटी: आकृती तुह्या वहीत आहे बाप्पा, आमाले कशी दिसन? क्रम सांग.

निवृत्त_मास्तर: एकूण प्रभार शून्य, म्हणून क्षेत्र शून्य. उत्तर चुकीचं छापलंय. हल्लीची गाईडं अशीच.

पऱ्हाटी: गुरुजी, शून्य होते ते विभव (पोटेन्शियल), तो नुसता आकडा. क्षेत्राला दिशा असते.

बारावी_दारव्हा: अ, ब धन. क, ड ऋण. ओळीनं.

पऱ्हाटी: हे आधी सांगतं तं! धन-ऋण आळीपाळीनं असते तर चौरस अर्धा फिरवला तरी मांडणी तीच राहते, क्षेत्राचा बाण मात्र उलटा होते. म्हणून बाण शून्यच पाहिजे. तुह्या मांडणीत अर्ध्या फेऱ्यात धनाच्या जागी ऋण येते, म्हणून शून्याची सक्ती नाही. अ ढकलते, समोरचा क ओढते, दोन्ही एकाच दिशेनं. ब-डचंही तसंच. दोन्ही कर्ण काटकोनात, मग बेरीज ४√२ × kq/a² (k कूलॉमचा स्थिरांक, q एक प्रभार, a बाजू), म्हणजे सुमारे १.०२ कोटी न्यूटन प्रति कूलॉम. दिशा अब बाजूकडून कड बाजूकडं, सरळ.

शेतकरी_आर्णी: रानडुकरांसाठी झटका मशीन लावली, पण उन्हाळ्यात झटका कमी लागते. काय करावं?

निवृत्त_मास्तर: परीक्षेत फिरवाफिरवीला गुण नाहीत. घटक पाडून दाखवा.

पऱ्हाटी: पाडा ना. पण दिशा आधीच कळली तर अर्धे घटक पाडायचं कामच पडत नाही.

बारावी_दारव्हा: आकडा जुळला. पुढच्यात चारही धन, पण ड काढून टाकलाय.

पऱ्हाटी: अ आणि क एकमेकाले खोडतात. उरला एकटा ब. ३६ लाख, दिशा रिकाम्या कोपऱ्याकडं.

निवृत्त_मास्तर: आर्णीवाले, जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. सळई खोल ठोका, बुडाशी पाणी टाकत जा. तारेला लागलेलं गवतही कापा.