सोसायटी ग्रुप, विश्रामबाग सांगली (फक्त कामाचे मेसेज)

अनघा बी-३०२ (रात्री ९.१२): कमिटीला विनंती. कंपाउंडवरचा तो बॅनर उद्या सकाळी शाळेच्या रिक्षा यायच्या आत उतरवावा. दोनदा तोंडी सांगितलंय, आता लेखी सांगते.

पाटील सर खजिनदार: नमस्कार मॅडम. बॅनरचे महिना ३,००० रुपये येतात. लिफ्टचा मेंटेनन्स त्यातून जातो. पर्याय सुचवावा. 🙏

शिंदे काका: कुठला बॅनर? वाढदिवसाचा?

वैशाली ए-३०१: नाही हो काका. ‘लग्नसराईआधी १० किलो कमी’वाला. डावीकडं बाई ‘आधी’, उजवीकडं तीच बाई ‘नंतर’.

शिंदे काका: हात्तिच्या. मला वाटलं बहिणी-बहिणी आहेत.

अनघा बी-३०२: हसण्यावारी नेऊ नका. ओवीची रिक्षा बरोबर त्याच्याखाली थांबते. पंधरा दिवस झाले, डब्यातली चपाती तशीच परत येतेय. काल दटावलं तर म्हणाली, "आई, वर्गात मला ‘आधी’ म्हणतात." आठवीत आहे ती.

मंदाताई ए-१०१: अगं बाई.

पाटील सर खजिनदार: मुलीबद्दल वाईट वाटलं. परंतु बॅनरचे महिना ३,००० येतात. लिफ्टचा मेंटेनन्स त्यातून जातो.

सुमन काकी: अनघा, तुझं चूक नाही. पण श्रावणात सत्यनारायणाला माझ्या सुनेला चारचौघींत "डिलिव्हरीनंतर अंग भलतंच सुटलं हो" असं कोण म्हणालं होतं? पोर महिनाभर खाली उतरली नाही. तेव्हा तर बॅनर नव्हता.

अनघा बी-३०२: काकी, ते मी काळजीनं म्हणाले होते.

सुमन काकी: बॅनरवालापण काळजीनंच म्हणतोय की.

जाधव ए-२०३: विषय निघालाच आहे तर, माझ्या पार्किंगमध्ये पांढरी स्विफ्ट कुणाची आहे?

तेजस आपटे: विषय कुठं निघाला होता? 😄 बरं, बॅनरचा फोटो टाकलाय, झूम करून बघा. ‘आधी’मध्ये बाईच्या मागची दाराची चौकट कमरेपाशी बाहेर वाकलीय, ‘नंतर’मध्ये आत. कानातलं तेच, कपाळावरची बट तिथंच, नेलपॉलिशचा उडालेला टवकासुद्धा तोच. फोटो एकच आहे, एकदा फुगवलाय, एकदा दाबलाय. १० किलो चौकटीचे कमी झालेत.

शिंदे काका: नाद नाय करायचा पोराचा.

तेजस आपटे: फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग असं बारीक-जाड केलं, तर ‘फोटोत फेरफार केलाय’ असं त्यावर छापावंच लागतं. नाहीतर ३७,५०० युरोपर्यंत दंड.

पाटील सर खजिनदार: फ्रान्समध्ये लिफ्टचा मेंटेनन्स कोण भरतं?

वैशाली ए-३०१: मी १९९४ ला हॉस्टेलवर होते. मे महिन्यात सुश्मिता सेन, नोव्हेंबरात ऐश्वर्या राय. त्याच वर्षी मेसमध्ये भात उरायला लागला. आणि सुट्टीत घरी आलं की आई डिंकाचे लाडू पुढं करायची, "भर जरा अंगानं, सासरचे म्हणतील माहेरी खायला घालत नव्हते." ऐकायचं कुणाचं?

सुमन काकी: तुमच्या वेळी लाडू तरी होते. आमच्या वेळी रंग. १९७५ ला फेअर अँड लव्हली आली, माझं लग्न ७९ चं. बघायला येणार म्हटलं की आई आधी ट्यूब आणायची, मग पोहे भिजवायची. तिसऱ्या स्थळानं सावळी म्हणून नाकारलंच.

तेजस आपटे: काकी, आता ‘फेअर’ गेलं. २०२० पासून ‘ग्लो अँड लव्हली’.

सुमन काकी: म्हणजे स्थळ आता ‘मुलीला ग्लो नाही’ म्हणून नाकारणार.

शिंदे काका: आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. तीन पिढ्या पेठेत हळद तोलतोय. हळदीनं गोरं झालेलं एक माणूस बघितलं नाही. हमाल तेवढे संध्याकाळी पिवळे होऊन घरी जातात.

आपटे आजोबा: तुम्ही कोणी मुळाशी जात नाही. बाईनं कसं दिसावं हे आपल्या आज्यांनी कुणाकडं बघून ठरवलं? एका पुरुषाकडं. बालगंधर्व. आपल्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, जन्म १८८८. ते नेसतील तसं लुगडं, ते माळतील तसा गजरा. आणि चांगले भरलेले होते बरं का! पन्नाशी उलटली तरी नायिका करायचे. आज त्यांना डावीकडं उभं केलं असतं.

तेजस आपटे: आजोबा, शेजारच्या खोलीतून मेसेज करताय. गोळी घेतली का?

जाधव ए-२०३: पांढरी स्विफ्ट??

पाटील सर खजिनदार: सर्वांच्या माहितीसाठी पुन्हा. बॅनरचे महिना ३,००० येतात. लिफ्टचा मेंटेनन्स त्यातून जातो.

मंदाताई ए-१०१ (रात्री १०.०४): मी इथं लिहीत नसते. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय म्हणून बोलते. पूर्वी बायका सांगायच्या, माया ठेवा दोन बोटं, पुढं अंगानं भरले तर उसवून घेता येईल. आता टेप लावला की पोट आत ओढतात, श्वास धरून उभ्या राहतात. टेप काढला की सोडतात. वर सांगतात, एक इंच कमीच धरा, महिन्याभरात बारीक होणार आहे मी. माया नकोच, फुगीर दिसतं. मग दिवाळीला तेच ब्लाउज घेऊन येतात, बगलेत उसवलेलं. मी कुठनं सोडू? आत कापडच नसतं.

अनघा बी-३०२ (रात्री १०.१९): सुमन काकी, उद्या सूनबाईंना भेटायला येऊ का? मी तसं बोलायला नको होतं.

सुमन काकी: ये. भडंग केलंय. बाळ झोपलं असेल तर बेल वाजवू नको.

शिंदे काका: पाटील सर, बॅनर काढा, माझ्या दुकानाचा बोर्ड लावा. महिना २,००० देतो. उरलेले हजार स्विफ्टवाल्याकडून दंड म्हणून घ्या.

पाटील सर खजिनदार: स्विफ्ट माझ्या मेव्हण्याची आहे. उद्या काढतो.

जाधव ए-२०३: अस्सं.

पाटील सर खजिनदार: बॅनरचा विषय रविवारी ११ वाजता मीटिंगला ठेवू. त्यांचे मार्चपर्यंतचे पैसे आधीच आलेत.

मंदाताई ए-१०१: अनघा, ओवीला गॅदरिंगच्या परकर-पोलक्यासाठी उद्या पाठव. मागच्या वर्षीचं माप चालायचं नाही, उंची वाढलीय तिची. माया ठेवणार आहे मी. तिला सांगू नको.

अनघा बी-३०२ (सकाळी ६.५१): ‘आधी’वाल्या बाईवर कुणीतरी गोणपाट बांधलंय. पिवळं आहे.

शिंदे काका: मला काही माहीत नाही.

पाटील सर खजिनदार: हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

जाधव ए-२०३ (सकाळी ७.१०): स्विफ्ट तिथंच आहे.